ब्रूनोला दिवाळीचं वळण कसं लावावं

दिवाळीला अजून दोन महिने असतात, तेव्हापासून काही लोक कामाला लागतात. कुत्रं निवांत जेवत असताना मोबाईलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावायचे, ते दचकत नाही ना हे पाहायचं, आणि दिवसागणिक आवाज थोडाथोडा वाढवत न्यायचा. तुम्ही या खुळात पडू नका. तुमच्या ब्रूनोचा सराव गणपतीच्या मिरवणुकीपुढच्या डीजेनं फुकटात करून घेतलेला आहे. त्यानंतर तो पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता, म्हणजे अभ्यास मनापासून केला होता असंच समजायचं.

एक गोष्ट मनाशी आधी पक्की करा: ब्रूनो नाटकं करतो. तो धापा टाकतो, लाळ गाळतो, शेपूट पोटाशी घेतो, घरभर येरझाऱ्या घालतो, न्हाणीघरात बादलीमागे जाऊन थरथरत बसतो, कधी जागच्या जागी मुततो. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फरशी ओली केली म्हणून त्याला चार शब्द सुनवायला विसरू नका. एरवी ताटातल्या चिकनवर नजर लावून बसणारा हा प्राणी त्या दिवशी चिकनला तोंड लावत नाही. भूमिकेत इतकं शिरणारे नट हल्ली रंगभूमीवर तरी कुठे उरलेत?

कोणी सांगेल की माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. शिवाय आपल्या कानापर्यंत पोचतही नाहीत असे बारीक आवाज तो दुरून टिपतो. असेल. पण ते कान त्याला रात्री जिन्यात चोर आला तर कळावं म्हणून दिलेले आहेत. शेजारच्या बंटीनं सुतळी बॉम्बवर पत्र्याचा डबा उपडा घातला, तर तेवढ्यापुरते ते मिटून घ्यायला काय हरकत आहे?

कायद्याची चिंता करू नका, त्यानं सगळ्यांचीच सोय पाहिलेली आहे. फटाका जिथे फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये, असा नियम आहे. तेव्हा टेप आणा, 4 मीटर मोजा, खडूनं रेघ मारा आणि ब्रूनोला रेघेवर उभा करा. पुढचं डेसिबलचं काम नियमाचं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 अशी वेळ घालून दिली आणि फटाक्यांच्या माळांना मनाई केली. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयानंही महानगराच्या हवेची दशा पाहून 8 ते 10 हीच वेळ सांगितली. आपल्या सोसायटीनं या आदेशाचा अर्थ नीट लावलेला आहे: 8 ते 10 या वेळात फटाके वाजवणं सक्तीचं, बाकीच्या वेळी ऐच्छिक.

रात्री 10 ते पहाटे 6 आवाजाला बंदी आहे, हे खरं. पण पहिल्या अंघोळीच्या दिवशी आळीतला पहिला बॉम्ब कोणाचा, यावर घराण्याची इज्जत ठरते, आणि तो साडेचारलाच लागतो. नरकासुर सहा वाजल्यानंतर मरत नसावा. तुम्ही उटणं लावून बसलेले असता, पायाखाली कारीट फोडायचं असतं, आणि ब्रूनो बाथरूममधून हलत नाही. त्याला पट्ट्याला धरून फरफटत बाहेर काढा. बाथरूम तुमचं आहे.

आणि आता तर हरित फटाके आलेत. नागपूरच्या ‘नीरी’ या सरकारी संशोधन संस्थेनं त्यांची घडण केली. धूर नेहमीपेक्षा साधारण तीसेक टक्के कमी, आवाज 110 ते 125 डेसिबलच्या घरात. खोक्यावरचं हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड ब्रूनोला शांतपणे दाखवा. हा धमाका शास्त्रीय आहे हे एकदा कळलं की तो बादलीमागून स्वतःहून बाहेर येईल.

आता फिरवण्याचं बघू, कारण खरी कसोटी तिथे आहे. चिकित्सक मंडळी त्या दिवसांत कुत्र्याला संध्याकाळी पाचलाच, उजेडात, फिरवून आणतात. गळ्यात पट्टा, अंगात हार्नेस, दोन्हींना दोऱ्या, पट्ट्याला फोन नंबरचं लॉकेट, वर कातडीखाली मायक्रोचिप. कुत्रं फिरवताहेत की तिजोरी हलवताहेत, कळत नाही. तुम्ही रोजची वेळ चुकवू नका. बरोब्बर साडेआठला निघा. पट्टा इतका सैल असू द्या की चार बोटं सहज आत जावीत. सणासुदीला गळा आवळू नये. दोरी एका हातात, तीही दोन बोटांवर, कारण दुसऱ्या हातात मोबाईल हवा. कोपऱ्यावरची पोरं भुईनळे लावत असतील, त्यांच्यासमोर कुर्ता घातलेला ब्रूनो फार गोड दिसेल. जवळ जा. अजून थोडं जवळ.

मग कोणीतरी माळ पेटवेल. ब्रूनो मागच्या मागे सरकेल, मान आत ओढेल, आणि तुमच्या हातात एक पट्टा उरेल. तो कुठे जातो हे तुम्हाला दिसणार नाही, त्यालाही माहीत नसतं. तो फक्त आवाजापासून लांब पळत असतो, आणि त्या रात्री आवाज चहूबाजूंनी येत असतो, त्यामुळे तो बराच पळतो. तीन गल्ल्या ओलांडल्या की दुसऱ्या टोळीची हद्द लागते. तिथली कुत्रीही भेदरलेलीच असतात, पण परक्याला हद्दीत घ्यायचं नाही हे भेदरलेल्या स्थितीतही त्यांच्या लक्षात राहतं.

तुम्ही मात्र घाबरून जाऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर ब्रूनोचा दसऱ्याचा फोटो टाका, झेंडूचा हार घातलेला. खाली लिहा, ‘आमचा ब्रूनो हरवला आहे. अतिशय प्रेमळ. आवाजाला घाबरतो.’ बघता बघता त्याखाली अकरा जणांचे हात जोडलेले, मग कोणाची रांगोळी, मग कोणाच्या चकल्या, मग एक हलणारी पणती, मग ‘लक्ष्मी आपल्या घरी नांदो’. तासाभरात ब्रूनो इतका वर गेलेला असेल की शोधायला अंगठा दुखेल.

पळालाच नाही, तर औषधाचा विचार करा. पण आधी नको. जनावरांच्या डॉक्टरांकडे पंधरा दिवस आधी गेलात तर ते उगाच वेळ घेतात. वजन करतात, हृदय तपासतात, भीती कमी करणारं औषध देतात आणि ‘याचा एक डोस सणाच्या आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघा’ असा गृहपाठही देतात. त्यापेक्षा लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सात वाजता फोन करा आणि नुसतं ‘झोपेचं काहीतरी सांगा’ म्हणा. डॉक्टरांच्याही घरी पूजा आहे, ते उचलणार नाहीत. मग आजीच्या डब्यातली अर्धी गोळी पेढ्यात दडपून द्या. माणसाचं औषध कुत्र्याला काय करील, हे कळायला दिवाळीची रात्र उत्तम. सगळे दवाखाने बंद असतात. कोणाच्या कपाटात ॲसेप्रोमाझिनसारखी जुनी गुंगीची गोळी सापडली तर दुधात साखर. तिनं कुत्रं ढिम्म पडतं. भीती आत तशीच राहते, फक्त पळायला पाय उरत नाहीत. पाहुण्यांना मात्र ते किती शांत वाटतं!

जवळ घेण्याबद्दल दोन मतं आहेत. हल्लीचे डॉक्टर सांगतात, भीती ही काही शिकवलेली करामत नव्हे, कुरवाळल्यानं ती वाढत नाही. तो तुमच्याजवळ येत असेल तर येऊ द्या, लपत असेल तर लपू द्या. खिडक्या लावा, पडदे ओढा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, कपाटाशेजारी जुनी गोधडी टाका, आणि घरातलं एक माणूस त्या दोन तासांत घरी थांबू द्या. यात खर्च काहीच नाही, हाच या सल्ल्याचा मोठा दोष. दुसरं मत मधल्या मजल्यावरच्या काकांचं. ‘गच्चीवर न्या, बॉम्बशेजारी बसवा, भीड चेपते. आमचा मोत्या तर लवंगी तोंडात धरून आणायचा.’ मोत्याच्या तोंडाचं पुढे काय झालं, हे काकांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही काकांचंच ऐका. ते फराळालाही येणार आहेत. ते आले की ब्रूनोला पलंगाखालून ओढून शेकहँड द्यायला लावा. दार उघडंच ठेवा, लोकांची ये-जा असते. रव्याचा लाडू उरला तर त्यालाही द्या. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पण सणाला कोणाला रिकाम्या तोंडी ठेवू नये.

पार्किंगमधल्या भटक्यांचं काय करायचं, हाही प्रश्न येईल. काळू, गोरी आणि तिची यंदाची तीन पिल्लं वसुबारसेपासूनच गाड्यांखाली दडून बसलेली असतात. गाड्या नुकत्याच धुऊन घेतल्या आहेत, तेव्हा वॉचमनला काठी द्या. गेटबाहेर हाकललं की ती रस्त्यावर जातात, तिथे रिकाम्या रस्त्यावरून गाड्या जोरात येतात, आणि प्रश्न सोसायटीच्या हद्दीबाहेर गेला की तो महापालिकेचा होतो. पिल्लाच्या शेपटीला लवंगी बांधणारी पोरं दिसली तर रागावू नका. 1960 च्या कायद्यानं प्राण्यांना क्रूरपणे वागवणं गुन्हा ठरवलं असलं, तरी मुलांचं बालपण एकदाच येतं.

गेटशेजारच्या देवळीत दत्तगुरू उभे आहेत, पायाशी चार कुत्री. त्यांना मात्र त्या दिवशी ताजा हार घालायला विसरू नका. जेजुरीच्या खंडोबाजवळही कुत्रं असतंच. नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या नरकचतुर्दशीला, खऱ्याखुऱ्या, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही टिळा लावून माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. इतकं पुढे आपण जाऊ नये. दगडाचं कुत्रं एका जागी उभं राहतं, गाड्यांवर पंजे उमटवत नाही, हा आपल्या भक्तीचा व्यवहारी भाग आहे.

रात्री अकराला सगळं शांत झाल्यावर, ब्रूनो घरीच असेल तर, तो एखादवेळ भुंकेल. त्यावर तिसऱ्या मजल्याचं पत्र सकाळी नोटीस बोर्डावर लागेल: ‘श्वानाच्या आवाजामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या झोपेत व्यत्यय येतो.’ सही करणाऱ्यांमध्ये बंटीचे वडील पहिले. माफी मागून टाका, वाद वाढवू नका. आवाजाच्या प्रदूषणावर सोसायटीत कोणीतरी बोललं, हेच पुष्कळ.

उरलेले बॉम्ब सर्दावतात, म्हणून ते साठवून ठेवू नका. तुळशीचं लग्न आहे. लग्नसराई आहे. 31 डिसेंबरला 11.55 ते 12.30 अशी कोर्टानंच दिलेली पस्तीस मिनिटं आहेत. भारत पाकिस्तानशी जिंकतो, कोणी नगरसेवक निवडून येतो, कोणी नगरसेवक पक्ष बदलतो. एक खोकं मात्र बाजूला राखून ठेवा. ब्रूनो सापडला, तर त्याला घेऊन तुम्ही गेटमधून आत येताना सोसायटीची पोरं हजाराची माळ लावायची म्हणताहेत.