प्रत्युत्तर: ‘सोलर ट्रेलर म्हणून घेतला, गाडीची रेंज मात्र निम्म्यावर’

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला, सोबतचे फोटोही नीट पाहिले. दोन स्टार देताना तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत. एरवी ४२० किलोमीटर जाणारी इलेक्ट्रिक गाडी आमचा ट्रेलर (मागे ओढायचं, छतावर सोलर असलेलं फिरतं घर) जोडल्यावर १८० वरच चार्जिंगला आली. ट्रेलर दिवसभर उन्हात उभा करूनही छतावरच्या सोलरमधून गाडीला जेमतेम सात किलोमीटर मिळाले. त्याच रात्री तीनच्या सुमारास एसी बंद पडला. आणि चार्जिंग लवकर व्हावं म्हणून तुम्ही बाहेरून बसवून घेतलेल्या दुसऱ्या इन्व्हर्टरवर गाडीने वीज घेतलीच नाही, नुसता लाल दिवा लागला. असा ट्रेलर घ्यायच्या विचारात असलेली मंडळीही हे वाचतात, म्हणून उत्तर आकड्यांसकट देतो.

आधी रेंज. ट्रेलर ताब्यात देताना हिशोबाचं जे पान दिलं होतं, त्यावर ताशी ९० च्या वेगाला १८० ते २०० किलोमीटर असंच लिहिलं आहे. तुमच्या गाडीची बॅटरी ७५ युनिटची. रिकामी गाडी १०० किलोमीटरला साधारण १८ युनिट खाते, ट्रेलरसकट ३८. हा फरक वजनामुळे पडतो असं बहुतेकांना वाटतं, पण १५०० किलोच्या ट्रेलरच्या चाकांचा विरोध जेमतेम १५० न्यूटन भरतो. गाडीच्या टपाच्या वर उभी राहिलेली ट्रेलरची भिंत ९० च्या वेगाला जवळपास ४९० न्यूटनने हवा ढकलत असते, म्हणजे तिपटीहून जास्त. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे सामान ५० किलोने कमी केलंत तर मीटरवर फरक दिसणारही नाही, पण वेग ९० वरून ७५ वर आणलात तर खप ३१ युनिटांच्या आसपास येतो आणि १० टक्के बॅटरी राखूनही २१५-२२० किलोमीटर निघतात. वजनाचा खरा हिशोब घाटात लागतो. गाडी आणि ट्रेलर मिळून ३७०० किलो हजार मीटर उंच चढवायला १० युनिट निव्वळ चढाईची लागतात. उतरताना त्यातली बरीच परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर गाडी तिथे १०० टक्के भरू नका, ८० वर थांबवा. भरलेल्या बॅटरीवर रीजनरेशन (वेग रोखताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) जवळपास बंद असतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आता सोलर, कारण तुमची नाराजी मुख्यतः इथे आहे. छतावर ४०० वॉटची तीन पॅनेल आहेत. एसीचं युनिट आणि झरोका सोडून याहून जास्त बसत नाहीत. पॅनेल आडवी असतात, तापतात (२५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटतं), थोडी धूळही बसते. चांगल्या उन्हाच्या दिवशी हाती येतात चार युनिट. तुम्ही त्या संध्याकाळी गाडीसाठी दिलेल्या सॉकेटवरून अडीच तास चार्जिंग केलंत. गाड्यांच्या एसी चार्जिंगच्या (घरातल्या सॉकेटसारख्या अल्टरनेटिंग करंटवरच्या) मानकात किमान करंट ६ अँपिअर आहे, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. त्याखाली गाडी चार्ज होतच नाही. १२०० वॉटची पॅनेल थेट तेवढं देऊ शकत नाहीत, म्हणून ही वीज ट्रेलरच्या बॅटरीतून जाते. बॅटरीतून चार युनिट निघाली की इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात. चार्जिंग चालू असताना गाडीचे पंप आणि कंट्रोलर जागे राहतात, ते २०० ते ३०० वॉट सतत खातात. उरल्यातला दहावा हिस्सा गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये जातो. बॅटरीत पोचली २.७ युनिट, आणि ३८ च्या खपाने ती झाली सात किलोमीटर. तुमचा आकडा अगदी बरोबर आहे, आणि यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालली आहे.

एसी बंद पडला तो याच चार युनिटांमुळे. ट्रेलरमध्ये ५१.२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे: १०.२ युनिट, खालचा राखीव भाग सोडून वापरायला नऊ. त्यातली चार गाडीला गेली. इंडक्शनवरच्या स्वयंपाकाला पाऊण, फ्रिज आणि इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खपाला रात्रभरात अर्धा, आणि आठ वाजल्यापासून सरासरी ५०० वॉटने चाललेला एसी. तीन वाजता बॅटरी कटऑफला येणारच.

आमचा सल्ला असा की ही वीज उलट दिशेने न्या. तुमच्या गाडीला बाहेर वीज देणारं सॉकेट आहे. ढगाळ दिवशी किंवा झाडाखाली मुक्काम पडला तर ते ट्रेलरच्या इनलेटला जोडा, ट्रेलरचा चार्जर १० अँपिअरवर ठेवा आणि दोन तासांत चार युनिट घ्या. रात्रभराचा एसी निघतो आणि वाटेतली घट धरूनही गाडीचे फक्त बारा-तेरा किलोमीटर जातात. तेवढी भरपाई १०० किलोवॉटच्या चार्जरवर तीन मिनिटांत होते. छतावरचं सोलर घर चालवण्यासाठी आहे. रोजचा फ्रिज, दिवे, पंप, पंखा आणि एक वेळचा स्वयंपाक त्यात आरामात भागतो आणि त्यासाठी वीज शोधत फिरावं लागत नाही.

तुम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांच्या ‘स्टेला व्हिटा’चं उदाहरण दिलं आहे. २०२१ मध्ये ती सौर गाडी स्पेनच्या तारिफापर्यंत गेली, हे खरं आहे. पण तो ओढायचा ट्रेलर नव्हता. मुद्दाम हलकी ठेवलेली, थेंबाच्या आकाराची एकसंध गाडी होती, आणि उभी असताना तिचं छत पसरून १७.५ चौरस मीटर पॅनेल उन्हात येत. आपल्या तीन पॅनेलचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटरसुद्धा नाही.

दुसऱ्या इन्व्हर्टरबद्दल मात्र कृपया लगेच काही करा. फोटोत त्यावर २००० व्हीए दिसतं, म्हणजे फार तर २००० वॉट. बहुतेक पोर्टेबल चार्जर सुरुवातीलाच १० अँपिअर मागतात, म्हणजे २३०० वॉट, आणि तिथे हा इन्व्हर्टर कमी पडतो. पण लाल दिव्याचं कारण बहुधा वेगळं आहे. अशा सुट्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते सापडलं नाही की वीज सोडतच नाही. आम्ही दिलेल्या इन्व्हर्टरमध्ये हा जोड एकाच ठिकाणी आहे, पुढे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, आणि बाहेरची वीज लावली की रिले तो जोड आपोआप सोडतो. प्लगमध्ये तार घालून न्यूट्रल आणि अर्थ जोडायचा उपाय कुणी सुचवला तर तो करू नका. तोच प्लग उद्या बाहेरच्या विजेवर लागला तर अर्थच्या तारेतून करंट वाहू लागतो, आणि कुठे न्यूट्रल-फेज उलटे असतील तर थेट शॉर्ट होतो. तो इन्व्हर्टर बॅटरीपासून सोडवा, दोन्ही तारांच्या टोकांना इन्सुलेशन करा.

चार्जिंग स्टेशनवर दर वेळी ट्रेलर सोडावा लागतो, ही तुमची जाता जाता केलेली तक्रार रास्त आहे. बहुतेक जागा एकट्या गाडीच्या मापाच्या असतात. आधी चाकांना ठोकळे, मग हँडब्रेक, जॉकी व्हील (पुढचं आधाराचं छोटं चाक) खाली, मग वायर आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार), शेवटी कपलिंग, म्हणजे गाडीला जोडणारा सांधा. हा क्रम पाळला तर पाच मिनिटं लागतात.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट आम्हाला फोटोत दिसली. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर दोन ई-सायकली आहेत. स्टँडसकट ५० किलो धरले आणि अॅक्सलपासून (ट्रेलरच्या चाकांच्या आसापासून) ते तीन मीटर मागे आहेत असं धरलं, तर चार मीटर पुढे असलेल्या हिचवरचं, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावरचं वजन ३७ किलोने कमी होतं. ट्रेलर दिला तेव्हा ते ९० किलो होतं, म्हणजे आता ५३. दीड टनाच्या ट्रेलरला हे फार कमी आहे. उतारावर किंवा ट्रकच्या झोताने ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागला की वेग वाढवून तो सरळ होत नाही. सायकली आत, अॅक्सलच्या वर बांधा. नंतर ट्रेलर सपाट जागी उभा करून ठोकळे लावा, कपलिंगखाली लाकडाचा उभा तुकडा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवा, आणि जॉकी व्हील वर घ्या. आकडा ८० ते ९५ च्या मध्ये यायला हवा, आणि तुमच्या गाडीच्या टोबारवर (ट्रेलर ओढायच्या दांड्यावर) छापलेल्या मर्यादेच्या आत. पुढच्या प्रवासाआधी हे एवढं कराच, आणि आलेला आकडा इथेच कळवा.