मूल बोलत नाही म्हणून घरातली मराठी बंद करू नका

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. घरात दोन भाषा बोलल्या की बाळाचा मेंदू गोंधळतो आणि ते उशिरा बोलतं. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर पहिल्यापासून घरी फक्त इंग्रजी बोला. पाच वर्षांनंतर भाषा शिकायची क्षमता संपते. तुम्हाला इंग्रजी जमत नसेल तर बाळासमोर इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ लावा. हे सगळं 'संशोधनानं सिद्ध' आहे असंही लिहिलेलं असतं, पण कोणतं संशोधन ते कुठेच नसतं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. हा सल्ला मनापासून पाळलेली कुटुंबं मला भेटत राहतात. आजीला नातवाशी मराठीत बोलायला बंदी असते, आई शब्द शोधत शोधत इंग्रजी बोलत असते आणि मूल मात्र अजून बोलत नसतं. त्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणूनच या निरोपातली एकेक गोष्ट तपासायला हवी.

गोंधळापासून सुरुवात करू. बाळाला दोन भाषा वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे गृहीतकच टिकत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. काही आया गरोदरपणात फक्त इंग्रजी बोलत होत्या, तर काही इंग्रजी आणि फिलिपिन्सची तागालोग अशा दोन्ही भाषा बोलत होत्या. बाळं चोखणी किती जोरानं चोखतात यावरून त्यांचं लक्ष मोजलं. एकभाषी आयांच्या बाळांनी इंग्रजीकडे जास्त लक्ष दिलं. दुभाषी आयांच्या बाळांना दोन्ही भाषांत सारखाच रस होता, आणि तरीही त्या दोन भाषा त्यांना वेगळ्या ओळखता येत होत्या. ही बाळं जेमतेम काही दिवसांची होती.

याच वर्कर यांचा रिचर्ड टीस यांच्याबरोबरचा १९८४ चा प्रयोग आपल्या फार जवळचा आहे. हिंदीतले 'त' आणि 'ट' हे आवाज त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यातला फरक कळला. दहा ते बारा महिन्यांची झाल्यावर मोजक्याच बाळांना कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र वर्षाच्या आसपासही तो सहज ओळखता येत होता. म्हणजे पहिल्या वर्षात मेंदू आजूबाजूला ऐकू येणाऱ्या आवाजांसाठी स्वतःला घडवत असतो. 'ताक' आणि 'टाक' यातला फरक मराठी बाळाच्या कानात बसतो तो याच महिन्यांत. नेमक्या याच महिन्यांत घरातली मराठी थांबवायला हा निरोप सांगतो.

'पण मुलं वाक्यात दोन्ही भाषा मिसळतात, हाच गोंधळाचा पुरावा,' असं त्यावर म्हटलं जातं. 'आई, मला रेड वाला बॉल दे' म्हणणाऱ्या मुलाला मराठीत तो शब्द सापडला नसेल किंवा घरातली मोठी माणसंच तसं बोलत असतील. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासची फ्रेंच-इंग्रजी मुलं पाहिली. आधी कधीही न भेटलेल्या, एकच भाषा बोलणाऱ्या माणसासमोरही ती मुलं त्याची भाषा ओळखून तिचा वापर वाढवत होती. समोरच्याला काय कळतं हे दोन वर्षांचं मूल जाणतं. बेळगावात घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारी मुलं हे रोज करतात. गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्हींत वाढणाऱ्यांनाही हे सांगावं लागत नाही.

आता उशिरा बोलण्याचा मुद्दा. पालकांचं खरं भय इथे आहे, आणि निरोपही त्यालाच हात घालतो. दोन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास बोलतात आणि दोन शब्द जोडायला दोन वर्षांच्या सुमाराला लागतात, म्हणजे एका भाषेतल्या मुलांच्याच वयात. मग ती मागे पडल्यासारखी का वाटतात? कारण मोजणी चुकते. मायामीत बार्बरा पीअर्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी बाळांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले आणि एका अर्थाचे दोन शब्द एकच मोजले. तेव्हा या बाळांचा साठा एकभाषी बाळांच्या बरोबरीचा निघाला. आपल्याकडच्या बाळाला 'पाणी', 'भूभू', 'गाडी', 'आजी', 'बॉल', 'बाय' एवढं येत असेल आणि नर्सरीच्या बाईंनी फक्त इंग्रजी शब्द मोजले, तर त्याला दोनच शब्द येतात असं दिसेल. प्रत्यक्षात सहा येतात. दोन भाषांत वाटला गेल्यामुळे एकेका भाषेतला साठा काही काळ लहान असतो, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण वाटून गेलेला साठा आणि वाढ खुंटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या भीतीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या शाळकरी मुलांची तपासणी करून खेड्यातली दुभाषी मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे असल्याचं लिहिलं. शहरात तसा फरक दिसला नव्हता. तुलना होती ती मुळात परिस्थितीची, आणि दोष मात्र भाषेला दिला गेला. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली दहा वर्षांची मुलं निवडली, तर दुभाषी मुलं उलट पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. समाज तोच, राहणी तीच, पण काही वस्त्यांत कुई भाषा टिकली होती आणि मुलं कुई-ओडिया दोन्ही बोलत होती, तर काही ठिकाणी फक्त ओडिया उरली होती. दुभाषी मुलांची कामगिरी जास्त चांगली होती.

यावरून 'दोन भाषा शिकवा, मूल हुशार होईल' असा उलटा निरोप मी पाठवणार नाही. दुभाषी मुलांचं लक्ष आणि आत्मनियंत्रण जास्त चांगलं असतं, असा दावा एकेकाळी जोरात होता. पुढे अनेक मोठ्या अभ्यासांना तो फायदा दिसला नाही. तोटा होत नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं, आणि आजीची भाषा राखायला तेवढं पुरेसं आहे. मेळघाटातल्या कोरकू किंवा नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. तिथे शाळेतली मराठी ही मुलाची दुसरी भाषा असते, आणि 'घरची बोली सोडा' हा सल्ला तेव्हा आपण मराठी माणसंच देत असतो.

'घरी फक्त इंग्रजी बोला' या सल्ल्यानं माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं. ज्या आईला इंग्रजी सहज येत नाही, तिचं बाळाशी बोलणं काय उरतं ते ऐका: 'कम हिअर', 'सिट डाउन', 'डोन्ट टच', 'ईट फास्ट'. सगळ्या आज्ञा. तीच आई मराठीत म्हणते, 'अगं, आजी बाजारातून आली की आपण तिघी मिळून मटार सोलू, आणि काल ती मनीमाऊ आली होती ना, ती परत येते का बघू.' यात काल आहे, उद्या आहे, कारण आहे, वाट पाहणं आहे, आणि मुलीला उत्तर द्यायला जागा आहे. एरिका हॉफ आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसांकडून ऐकलेल्या इंग्रजीचा मुलांच्या इंग्रजीला जास्त उपयोग झालेला दिसला. रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांची मुलं होती. त्यांच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी त्यांची बोलण्याची देवाणघेवाण किती झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी संबंध आढळला. ही देवाणघेवाण पालकांना स्वतःच्या भाषेतच मनमोकळी करता येते. इंग्रजी सहज येणाऱ्या पालकांनी इंग्रजीही बोलावी, माझी काहीच हरकत नाही.

व्हिडिओंचं उत्तर सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्येच दिलं आहे. अमेरिकन घरांतली नऊ महिन्यांची बाळं मँडरिन बोलणाऱ्या माणसांबरोबर बारा वेळा, दर वेळी सुमारे २५ मिनिटं खेळली आणि त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तोच मजकूर व्हिडिओवर किंवा ध्वनिफितीवर मिळालेली बाळं काहीच शिकली नाहीत.

पाच वर्षांची मुदतही अशीच निराधार आहे. २०१८ मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी ६ लाखांहून अधिक लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी अभ्यासली. व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण १७ वर्षांपर्यंत टिकते असं त्यातून दिसलं. अगदी मातृभाषेसारखं प्रभुत्व हवं असेल तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात व्हावी, असंही त्यांनी म्हटलं. सहाव्या वर्षी शाळेत इंग्रजीला लागलेलं मूल उशिरा आलेलं नाही.

या सगळ्याबद्दल मी इतकं कळकळीनं लिहिते त्याचं कारण वेगळंच आहे. मूल बोलत नाही आणि घरानं दोष भाषेवर टाकला की सहा महिने, वर्ष असंच निघून जातं. मुलाला ऐकू कमी येत असेल, स्वमग्नता (ऑटिझम) असेल किंवा वाचेची खरी अडचण असेल, तर तेवढा काळ उपचार होत नाहीत. अशी अडचण असलेल्या मुलांसाठीही एक भाषा काढून टाकणं हा उपाय नाही. डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता असलेल्या मुलांवरच्या अभ्यासांत दुसऱ्या भाषेमुळे त्यांचा विकास आणखी मागे पडल्याचं दिसलेलं नाही.

बाळ वर्षाचं होऊनही बडबडत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. हाक मारली की वळून पाहतं, एवढ्यावर समाधान मानू नका, कारण काही आवाज ऐकू येणारी मुलंही बोलण्यातले बारीक आवाज चुकवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत ही तपासणी मोफत होते, आणि मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. जाताना मूल बोलतं ते सगळे शब्द एका कागदावर लिहून न्या, मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेतले, बोबडे असतील तर बोबडेच.