बेंबी सरकली नव्हती

पोटात दुखायला लागलं की आपल्याकडे आधी बेंबी बघतात. आमच्याकडेही तेच झालं. गेल्या वर्षी माझा धाकटा, आठवीतला, सकाळी बेंबीभोवती दुखतंय म्हणाला. खाण्यावरची वासनाच उडाली होती, एक उलटी झाली. दुसऱ्या दिवशी नणंदेचा साखरपुडा, घर पाहुण्यांनी भरलेलं. शेजारच्या काकूंनी बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळलं. त्यांना मीच बोलावलं होतं.

रात्री दुखणं उजवीकडे खाली उतरलं. पोरगं वाकून, पोट धरून चालत होतं. कार्य उरकू दे, मग दवाखाना, असं ठरलं. साखरपुड्याच्या दुपारी दुखणं एकदम थांबलं. मी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत पोट फुगून टणक झालं, अंग तापानं फणफणलं. रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की तो किंचाळायचा.

अपेंडिक्स फुटलं होतं.

डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून दाखवलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी बारीक नळी लोंबते. तिचं तोंड बंद झालं, पुष्कळदा शौचाच्या घट्ट खड्यानं, की ती सुजते, पू धरते, शेवटी फुटते. फुटल्यावर आतला ताण जातो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. त्या साखरेची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

वेळेत गेलो असतो तर दुर्बिणीतून तीन छोटी छिद्रं आणि एक-दोन दिवसांत घरी. काही मोठ्या माणसांचं नुसत्या अँटिबायोटिकवर भागतं. मात्र फिनलंडमधल्या अभ्यासात अशा दहातल्या जवळजवळ चौघांना पाच वर्षांत ऑपरेशन करावंच लागलं. माझ्या लेकाचं पोट उघडून धुवावं लागलं, पू बाहेर यायला पोटात रबरी नळी ठेवली, नऊ दिवस दवाखान्यात.

1902 साली इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जूनला ठरला होता. अपेंडिक्सच्या दुखण्यानं पोटात गळू झालं, 24 जूनला ऑपरेशन केलं आणि सोहळा थेट 9 ऑगस्टला झाला. राजाचा मुहूर्त पुढे गेला. आम्हाला साखरपुड्यातून तासभर निघता आलं नाही.

असं पोट दुखलं तर चोळू नका, एरंडेल तर मुळीच देऊ नका, सरळ सर्जन गाठा.

काकूंकडे अजूनही लोक पोट दाखवायला येतात. त्या आता तेलाची वाटी काढत नाहीत. आधी विचारतात, "उलटी झाली का? दुखणं उजवीकडे सरकलंय का?"