पट तोच, मुलं वेगळी

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर मिळाला, त्यातला एक तर आम्हा निवृत्त शिक्षकांचाच. मजकूर असा: मुंबई महापालिकेच्या शाळांचा निकाल खासगीपेक्षा नेहमी कमी, कारण तिथले शिक्षक शिकवत नाहीत, ‘असर’च्या अहवालाने हे सिद्ध केलंय, म्हणून शाळा ओस पडल्यात, तरी एकेका मुलामागे लाखावर खर्च होतो, आणि शेवटी, ठळक अक्षरांत, महापालिकेचे शिक्षक स्वतःची मुलं तिथे घालतात का?

गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात मी 23 वर्षं प्राथमिकला शिकवलं. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क माझा आहे.

आधी ‘असर’चं उरकून टाकू. मुलांना वाचन-गणित किती येतं हे मोजणारा हा अहवाल ग्रामीण भागाचा असतो. सर्वेक्षण करणारे गावागावांत, घरोघरी जाऊन मुलांना उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. मुंबई शहर त्यात नसतंच. शिवाय चाचणी घरी होते, त्यामुळे सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतली मुलं त्यात येतात. त्यातला आकडा उचलून महापालिकेच्या माथी मारणं म्हणजे वाशीचा पाऊस मोजून दादर तुंबलं म्हणण्यासारखं.

आता निकाल. मेसेजचा सगळा डोलारा यावरच उभा आहे.

निकालाचा टक्का किती लवचिक असतो ते दहावीचे दोन आकडे दाखवतात. महापालिका शाळांचा निकाल 2019 मध्ये 53.14 टक्के होता, 2020 मध्ये 93.25. एका वर्षात 40 टक्क्यांची उडी! शिक्षक तेच, वर्ग तेच, वस्त्या त्याच. झालं इतकंच, की 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत 20 गुण काढले होते, ते पुढच्या वर्षी परत आले, आणि कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला. त्याच दोन वर्षांत सगळ्या राज्याचा निकाल 77.10 वरून 95.30 वर गेला. म्हणजे नियम कडक झाले तेव्हा आमची मुलं इतरांपेक्षा फार खोल पडली आणि सैल झाले तेव्हा जवळपास बरोबरीला आली. घरी कुणी उजळणी घेणारं नाही, क्लास नाही, अशा मुलांना लेखी पेपरचा फटका जास्त बसतो. 53 वाल्या वर्षी ‘शिकवत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी 93 वाल्या वर्षी आमची पाठ थोपटलेली मला आठवत नाही. थोपटू नयेच, दोन्ही आकडे शिकवण्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

प्राथमिकचं चित्र याहून गुंतागुंतीचं. माझ्या तिसरीच्या एका वर्गाची गोष्ट सांगते. जूनमध्ये हजेरीपत्रकावर 47 नावं होती, मार्चअखेर 46. वरून बघणाऱ्याला वाटेल, एक मूल गळलं. खरं तर 13 गेली होती आणि 12 नवी आली होती. कुणाची झोपडी पाडली गेली. कुणाच्या भाड्याच्या खोलीचे 11 महिने संपले आणि घरमालकाने करार वाढवला नाही. एकाच्या वडिलांना भिवंडीत गोदामात काम लागलं. एक मुलगी आईचं बाळंतपण म्हणून जालन्याला गेली ती परतलीच नाही. आणि आलेल्या बाराजणांत चौघं जवळच्याच एका छोट्या इंग्रजी शाळेतून आली होती, फी थकली म्हणून. त्यातल्या एकाला ए-बी-सी-डी घडाघडा यायची, पण ‘कमळ’ लिहिताना ‘क’ पाशीच हात थांबायचा. ऑक्टोबरात माझ्या वर्गात आलेलं हे पोर मार्चच्या संकलित चाचणीत कोणाच्या खात्यावर? माझ्या. आणि त्या शाळेच्या पटावरून फी न भरणारा एक कच्चा विद्यार्थी कमी झाला, म्हणजे तिचा टक्का आपोआप वर.

आम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नसला तरी मुलाला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, वर्षाच्या मध्येही. खासगी शाळेच्या दारात फी नावाची चाळणी बसलेली आहे. त्याच कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांनी ती थोडी सैल होते, तर फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूटच देऊन टाकली होती. मुंबईत एवढ्या अंतरात अशी शाळा कुठे नसते? उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला म्हणून बरं.

मग गरिबाघरची मुलं मागे राहणारच, असं मी म्हणते आहे का? मुळीच नाही. 2001 ते 2003 दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ उपक्रमाची नीट तपासणी झाली. वस्तीतलीच थोडंफार शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंक शिकवायची. मुलं पुढे सरकली, सगळ्यात कच्ची सगळ्यात जास्त. आम्हा डीएडवाल्यांना हे टोचलं होतं, कबूल करते. पण तिच्या डोक्यावर ‘पोर्शन’ नव्हता. मूल जिथे होतं तिथून ती सुरू करायची. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली, हेही त्याच अभ्यासात आहे.

आणि शाळेला शाळा लावून बघायचीच असेल तर आंध्र प्रदेशातला प्रयोग बघा. तिथे गावांतल्या मुलांना सोडत काढून खासगी शाळेची फी भरून दिली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र पुढे होती. घरं सारखी केल्यावर शाळेचा गाजावाजा केलेला फरक असा आटतो.

याच अभ्यासाने मेसेजमधल्या खर्चाच्या मुद्द्याला मात्र बळ दिलं. तेवढंच शिकवायला खासगी शाळांचा खर्च सरकारीच्या साधारण एक तृतीयांश होता, कारण तिथले शिक्षक फारच कमी पगारावर राबत होते. लाखाचा आकडा फुगवलेला आहे, कारण शिक्षणाचं आख्खं बजेट भागिले महापालिकेची मुलं असा तो हिशेब. त्याच बजेटातून खासगी अनुदानित प्राथमिक शाळांचं अनुदान आणि आमच्यासारख्यांचं निवृत्तिवेतन जातं. पण खर्च जास्त आहे, आणि त्या मानाने मुलांच्या हाती काय पडतं हा प्रश्न रास्त आहे. वर्ग सोडून निवडणुकीसाठी बीएलओचं (मतदान केंद्र स्तरीय अधिकाऱ्याचं) काम करत मतदारयाद्या घेऊन फिरले, तेव्हा माझा पगार चालूच होता.

शाळा ओस पडल्यात का? मराठी माध्यमाच्या पडल्यात. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, माणसं कल्याण-डोंबिवलीपलीकडे गेली, उरलेल्यांनी इंग्रजी धरलं. पण महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या तर प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. आमच्या पट्ट्यात उर्दू माध्यमाचे वर्ग इतके भरलेले असायचे, की एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन शाळा भरायच्या.

राहिला शेवटचा ठळक अक्षरांतला प्रश्न. माझा मुलगा चेंबूरच्या एका खासगी अनुदानित शाळेत शिकला. मी सकाळी त्याला तिथे सोडायचे आणि पुढे बस पकडून माझ्या वर्गावर जायचे. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तुमचा बाबू आपल्या शाळेत का नाही येत?” मी तिला फळा पुसायला सांगितला.