रॅमच्या खाचेला कानस लावू नका

गेल्या रविवारी नाशिकला पंचवटी कारंजाजवळ मामांच्या दुकानात गेले, तर टेबलावर पेपर पसरलेला, पेपरवर कानस आणि कानसेशेजारी हिरवट भुकटी. मामा चष्मा कपाळावर चढवून रॅमची, म्हणजे पीसीच्या कामापुरत्या मेमरीची, एक स्टिक घासत बसले होते. खाचेच्या एका बाजूच्या चार-पाच सोनेरी पिना गेल्या होत्या आणि कडेला आतल्या तांब्याच्या रेघा उघड्या पडल्या होत्या.

"अगं, स्लॉटमध्ये बसत नाहीये. मेसेजमध्ये लिहिलंय तसंच करतोय," मामा म्हणाले.

मामांचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. पीसी जुना, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, चार जीबी रॅमचा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फाइल उघडली की अडकतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं. म्हणून रॅम वाढवायची ठरली. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर रॅम घेण्याबद्दल एक मेसेज आला, आणि मामांनी ओळखीच्या एकाकडून आठ जीबीची जुनी डीडीआर-४ स्टिक उचलली. मामांच्या पीसीचा मदरबोर्ड मात्र डीडीआर-३ चा, म्हणजे रॅमच्या आधीच्या पिढीचा.

मेसेज कुणी लिहिला ते कळायला मार्ग नाही. वर फक्त 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' एवढंच दिसतं. थोडक्यात तो असा: 'रॅम घेताय? दुकानदार लुटतात, हे वाचा. १) डीडीआर-३, ४, ५ ही नुसती लेबलं, रॅम सगळी सारखीच. खाच अडली तर बारीक कानस मारा. २) सर्व्हरची जुनी रॅम निम्म्या भावात मिळते, तीच घ्या. ३) रॅम दुप्पट तर स्पीड दुप्पट. ४) जास्त मेगाहर्ट्झची घ्या, कंपनी कुठलीही चालते. ५) दोन वेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र लावल्या तर बोर्ड जळतो. ६) रॅम खोडरबराने पुसा, पीसी पळायला लागेल.'

पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण यानेच लोकांचे पैसे जळतात.

जेडेक नावाची संस्था मेमरीची मानकं ठरवते. चिपा आणि बोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तिच्या सभासद आहेत. तिने डीडीआर-३ चं मानक २००७ मध्ये काढलं, डीडीआर-४ चं २०१२ मध्ये आणि डीडीआर-५ चं जुलै २०२० मध्ये. पिना किती, व्होल्टेज किती, खाच नेमकी कुठे, हे सगळं तिथे ठरलेलं आहे. डीडीआर-३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट. डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. दोन्हींची लांबी सारखीच, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण त्याच लांबीत ४८ पिना जास्त बसवायच्या म्हणून डीडीआर-४ च्या पिना जास्त दाट आहेत. डीडीआर-३ मध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंत एक मिलीमीटर, डीडीआर-४ मध्ये ०.८५. म्हणजे खाच घासून स्टिक आत दाबलीच, तरी पिनेसमोर पिन येणार नाही. कुठे एका पिनेला दोन टेकतील, कुठे वीज नको त्या पिनेत शिरेल.

खाचेची जागा मुद्दाम बदललेली असते. डीडीआर-३ ची खाच एका बाजूला सरकलेली, डीडीआर-४ ची मध्याच्या जवळ. चुकीची रॅम चुकूनही बसू नये, यासाठीच ती खाच आहे. ती अडते तेव्हा ती तुमचा बोर्ड वाचवत असते. आणि एका जागेची खाच दुसऱ्या जागी न्यायची म्हणजे मधल्या पिना कापून टाकायच्या. मामांच्या पेपरवर पडलेली भुकटी ती हीच.

समजा, जादूने बसलीही. तरी चालणार नाही. रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, आता प्रोसेसरच्या आतच असतो आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा कंट्रोलर फक्त डीडीआर-३ जाणतो. त्याला डीडीआर-४ ची भाषाच येत नाही. वर शॉर्ट झालं तर रॅम जाईल, बोर्ड जाईल, कदाचित प्रोसेसरही जाईल.

डीडीआर-५ चं तर आणखी फसवं. पिना डीडीआर-४ इतक्याच, २८८. कुणी मोजून बघितल्या तर म्हणेल, सारखंच आहे की. पण खाच वेगळ्या जागी आणि विजेची व्यवस्थाच निराळी. डीडीआर-४ ला १.२ व्होल्ट बोर्डाकडून तयार मिळतात. डेस्कटॉपच्या डीडीआर-५ ला ५ व्होल्ट मिळतात आणि त्याचे १.१ व्होल्ट स्टिकवरची छोटी चिप स्वतः करते. यांची अदलाबदल करायला सांगणाऱ्याने बहुधा आयुष्यात पीसीचं झाकण उघडलेलं नाही.

यात अर्धं सत्य आहे ते सांगते, नाहीतर कुणीतरी तेच घेऊन भांडायला येईल. इंटेलचे काही प्रोसेसर दोन प्रकारच्या मेमरीशी बोलू शकतात. बाराव्या पिढीचे डीडीआर-४ आणि डीडीआर-५, दोन्हींशी. पण बाजारातल्या बोर्डावर साधारण एकाच प्रकारचे स्लॉट असतात, आणि ते असतील तीच रॅम घ्यायची. कानसेचं काम तिथेही नाही.

आता सर्व्हरची रॅम. हा दुसरा सापळा, आणि जास्त वाईट, कारण डीडीआर-३ आणि डीडीआर-४ मध्ये सर्व्हरची स्टिक डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते. खाचही जुळते. मग बटण दाबलं की स्क्रीन काळा. सर्व्हरच्या बऱ्याच स्टिकांवर मधोमध रजिस्टर नावाची एक जास्तीची चिप असते. बोर्डाचे आदेश आधी तिच्याकडे जातात, मग मेमरीच्या चिपांकडे. साधा डेस्कटॉप असं बोलत नाही, त्यामुळे पीसी सुरूच होत नाही. ओळखायचं सोपं आहे. लेबलवर पीसी३-१२८०० सारखा आकडा असतो. त्यामागचं इंग्रजी अक्षर 'आर' असेल तर ती रजिस्टरवाली, हात लावू नका. 'यू' असेल तर डेस्कटॉपची. १२८०० बघून घाबरायचं कारण नाही. रॅमच्या स्पीडचा आकडा १६००, गुणिले आठ, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबाइट. ती आपली १६०० वालीच रॅम.

'रॅम दुप्पट तर स्पीड दुप्पट' हे खोटं आहे. रॅम अपुरी पडत असेल तर वाढवल्यावर पीसी मोकळा श्वास घेतो. अपुरी पडतच नसेल तर फरक जाणवणार नाही. विकत घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. मामांच्या पीसीवर कोरल आणि क्रोम एकत्र चालू असताना मेमरी ९४ टक्के भरलेली आणि हार्ड डिस्क सतत १०० वर. मेमरीत न मावणारं सगळं विंडोज डिस्कवर टाकत होतं. म्हणजे इथे रॅमची गरज खरी होती. त्याच पानावर किती स्लॉट आहेत, किती भरलेत आणि सध्याची रॅम किती स्पीडची, हेही दिसतं.

पण मेसेजने एक गोष्ट सांगितलीच नाही, आणि मामांच्या पीसीची मुख्य अडचण तीच निघाली. विंडोज ३२ बिटचं होतं. ३२ बिटचा पत्ता जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत पोचतो. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही ३२ बिट विंडोज १० ची मर्यादा ४ जीबीच दिली आहे. मामांनी तिथे सोळा जीबी लावली असती तरी जास्तीची रॅम पडून राहिली असती. आधी ६४ बिट विंडोज, मग रॅम. जुने फॉन्ट आणि जुनी सॉफ्टवेअरं चालतील का, याची मामांना धास्ती होती. ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटवर चालतात. प्रिंटरचा ड्रायव्हर तेवढा ६४ बिटचा शोधावा लागला.

मेगाहर्ट्झचं, म्हणजे रॅमच्या स्पीडचं, थोडक्यात: मामांच्या प्रोसेसरला १६०० पर्यंतच झेपतं. १८६६ ची लावली तरी ती १६०० वरच चालेल. आणि 'कंपनी कुठलीही' हे तर साफ चूक. 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक लिहिलेली स्वस्त डीडीआर-३ रॅम मिळते. तिच्यातल्या चिपांची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या घरगुती बोर्डावर ती चालत नाही. भाव बघून उचलली की पैसे पाण्यात.

दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र लावल्या म्हणून बोर्ड जळत नाही. दोन्ही डीडीआर-३ च असतील तर बहुतेक वेळा चालतात, फक्त जी हळू तिच्या स्पीडने दोघी चालतात. कधीकधी पटत नाही आणि पीसी अडून बसतो, हे मान्य. जमेल तर एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन स्टिक घ्या, दोन्ही चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही वाटा, नीट वापरले जातात. पण त्यासाठी भीती घालायची गरज नव्हती.

खोडरबराचं मात्र मला नाखुशीने मान्य करावं लागतं. पावसाळ्यानंतर पीसी नुसता बीप देत असेल तर पिनांवरची मळी पुसल्यावर सुरू होतो, मी स्वतः कितीदा केलंय. स्पीड वाढत नाही, तो फक्त सुरू होतो. आणि रोज घासाल तर पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामा जाईल.

मामांच्या बोर्डाचं मॅन्युअल मी तिथेच मोबाइलवर काढलं. एच-८१ चिपसेट, दोन स्लॉट, जास्तीत जास्त १६ जीबी. पीसीतली जुनी डीडीआर-३ स्टिक पाकिटात घालून मामांना गाडीवर मागे बसवलं आणि एम. जी. रोडला नेलं. दुकानदारासमोर ती स्टिक ठेवली, डीडीआर-३, १६००, 'यू' असलेली दाखवा म्हटलं, आणि चार-चार जीबीच्या दोन घेतल्या. संध्याकाळी पीसी बंद केला, वायर काढली, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलेली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मग बसवल्या. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' करून आपोआप लागल्या.

"एवढा जोर पण नाही लावावा लागला," मामा म्हणाले.

घासलेल्या स्टिकचा फोटो मी घरच्या ग्रुपवर त्या मेसेजखालीच टाकला आहे. तुमच्याकडे तो मेसेज आला असेल तर पुढे पाठवायच्या आधी मला फोन करा.