भुईमुगाचे सुधारित वाण आणि एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत भुईमुगाविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की गावोगावी भुईमुगाचे शेकडो देशी वाण होते आणि ते कृषी विद्यापीठांनी संपवले. आजचे वाण जनुकबदल व किरणांचा मारा करून बनवलेले असल्यामुळे खाण्यास घातक आहेत. त्यांचे बी घरी राखले तर उगवत नाही. आणि त्यांच्या दाण्यात पूर्वीचे तेल राहिलेले नाही. पेरणीच्या तोंडावर असा मजकूर वाचून कुणी चांगला वाण नाकारला तर नुकसान त्याच्याच घरचे होते, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विविधतेचा आहे. भुईमूग हे मुळात दक्षिण अमेरिकेतील पीक. दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या परिसरात दोन रानटी जातींचा नैसर्गिक संकर झाला. त्या दोन्ही जातींत प्रत्येकी 20 गुणसूत्रे होती. संकरात ती दुप्पट होऊन 40 गुणसूत्रांचे नवे झाड तयार झाले. ही घटना गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतील आहे आणि जगभरचा लागवडीखालील भुईमूग बहुधा त्या एकाच घटनेतून उतरला आहे. गुणसूत्रांची संख्या जुळेनाशी झाल्यामुळे रानातल्या भाऊबंदांशी त्याचा संकर सहजी होईना, आणि फूल स्वतःच्याच परागाने फळत असल्यामुळे बाहेरचे गुण आत येण्याची वाटही अरुंद राहिली. म्हणजे जनुकीय दारिद्र्य या पिकाच्या जन्मापासूनचे आहे, त्याचे खापर विद्यापीठांवर फोडता येत नाही. शिवाय आपल्याकडे ज्यांना जुने देशी वाण म्हणून मान दिला जातो, त्यांतील फैजपूर 1-5 किंवा कराड 4-11 हेही निवड पद्धतीच्या, म्हणजे चांगली झाडे वेचून त्यांचे बी वाढवण्याच्या, पैदाशीतूनच आलेले आहेत.

ही अरुंद वाट रुंद करण्याचे काम पैदासकारांनी केले. भुईमुगाच्या कुळात 80 हून अधिक रानटी जाती आहेत आणि त्यांतील काहींमध्ये टिक्का व तांबेरा या रोगांना दाद न देण्याची ताकद आहे. बोलिव्हियातील अशाच एका रानटी जातीचे गुण अनेक पिढ्यांच्या संकरातून लागवडीच्या भुईमुगात आणले गेले आणि त्या साखळीतूनच धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा जीपीबीडी-4 हा वाण पुढे आला. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने 1970 च्या दशकाच्या अखेरीस दिलेला जेएल-24, म्हणजेच फुले प्रगती, आफ्रिकेतील मलावीपर्यंत पोहोचला, पण तांबेऱ्यापुढे तो हतबल होता. पुढे जीपीबीडी-4 मधील रोगप्रतिकाराचा गुणसूत्रखंड संकर करून जेएल-24 मध्ये आणण्याचे कामही यशस्वी झाले. खान्देशच्या मातीत निवडलेल्या वाणाला बोलिव्हियातील रानवेलीचे बळ मिळावे, ही मला या सगळ्या खटाटोपातील सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. जुन्या वाणांचे म्हणाल, तर हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या संग्रहात, भुईमुगाचे 15,000 हून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

‘जनुकबदल’ या आरोपाला फारसे उत्तर लागत नाही. भारतात व्यापारी लागवडीसाठी जनुकबदल केलेल्या, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घातलेल्या, भुईमुगाला आजवर परवानगीच मिळालेली नाही. वर सांगितलेला संकर हाताने होतो : सायंकाळी उमलू पाहणाऱ्या कळीच्या पाकळ्या चिमट्याने अलगद उघडून आतले परागकोष काढून टाकायचे, दोरा बांधून खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिथे लावायचा. काही दिवसांनी त्या जागी आरी, म्हणजे टोकाला शेंग धरणारा देठ, सुटते, जमिनीत शिरते, आणि एवढ्या खटपटीतून एका शेंगेचे एक-दोन दाणे हाती लागतात.

किरणांविषयीच्या विधानात मात्र एक खरी गोष्ट चुकीच्या अर्थाने वापरलेली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तने, म्हणजे गुण बदललेली झाडे, मिळवली, आणि त्यांच्या आपसांतील संकरांतून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने, 1991 मध्ये टीएजी-24 हा वाण आला. परंतु क्ष-किरणांमुळे बी किरणोत्सारी होत नाही. ज्याचा एक्स-रे काढला तो माणूस जसा किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे. किरण एकदाच, कित्येक पिढ्यांपूर्वीच्या बियाण्यावर सोडले गेले. आज आपण खातो त्या दाण्यात उरले आहे ते केवळ झाडाचे ठेंगणेपण आणि शेंगांचे भरघोस प्रमाण.

बी उगवत नाही, हे विधान भुईमुगाबाबत सपशेल चुकीचे आहे. बाजारात भुईमुगाचे संकरित बियाणे नसते, सरळ वाण असतात, म्हणजे ज्यांचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरतात, आणि त्यांचे बी राखता येते. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा तो हक्कही मान्य केला आहे. उपट्या, म्हणजे जमिनीवर न पसरता उभ्या वाढणाऱ्या, वाणांची अडचण तर उलटी आहे : काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणे शेंगेतच कोंब धरतात. घरचे बी उगवले नसेल, तर बहुधा उन्हाळी शेंगा मे महिन्याच्या कडक उन्हात फरशीवर वाळवल्या गेल्या असतील, किंवा शेंगा फोडून दाणे पोत्यात ठेवले असतील. बियाण्याच्या शेंगा सावलीत वाळवाव्यात आणि पेरणीच्या थोडे आधीच हाताने फोडाव्यात.

तेलाबाबत एवढेच, की गिरनार-4 आणि गिरनार-5 या वाणांच्या तेलात ओलिक आम्ल सुमारे 80 टक्के असते. नेहमीच्या वाणांत ते साधारण निम्मे असते. त्यामुळे हे तेल लवकर खवट होत नाही, आणि ज्या घरांत दाण्याची चटणी बरणीत भरून ठेवतात त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मजकुरातील एक काळजी मात्र रास्त आहे. जनुकपेढीत हजारो नमुने असले, तरी शेतात तेच ते मोजके जुने वाण दिसतात. त्याचे कारण बियाण्याच्या हिशोबात आहे. ज्वारीचे बी एका हंगामात शंभरपटीहून अधिक होते; भुईमुगाचे जेमतेम आठ-दहा पट होते, आणि हेक्टरी 100 ते 125 किलो दाणे लागतात. त्यामुळे नवा वाण प्रसारित झाला तरी शेतापर्यंत पोहोचायला वर्षे जातात. जिथे पाण्याची सोय आहे त्या गावांना खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम मिळतात. एखाद्या शेतकरी गटाने नव्या वाणाचे 100 किलो खात्रीचे बी खरिपात एक हेक्टरवर लावले, तर आठपटीच्या हिशोबाने 800 किलो होते. तेच उन्हाळ्यात आठ हेक्टरवर लावले, तर पुढच्या खरिपाला सुमारे 6,400 किलो, म्हणजे 64 हेक्टरांचे बियाणे गावातच तयार असते.