निजामाला शिव्या कधी द्याव्यात

मराठवाड्यात नव्याने राहायला आलात? मग नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे नंतर विचारा, आधी निजामाला शिव्या कधी द्यायच्या ते शिकून घ्या. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९६७ साली वारला, पण आमचं त्याच्याकडे काही ना काही काम अजून निघतंच.

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा शिव्यांचा हक्काचा दिवस. १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं. झेंडावंदनाला भाषणाचा योग आलाच, तर लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घ्या आणि रझाकारांवर, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांवर, आवाज चढवा. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, हे लातूरच्या भाषणात गाळलं तरी चालतं. एखाद्या आगाऊ पोराने विचारलंच, की मुक्ती मिळाल्यावर १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख कोण होता, तर त्याच्या हातावर जिलेबी ठेवा. निजामच होता, पण जिलेबी गरम आहे तोवर खाल्लेली बरी.

इतिहास किती वाचायचा, हेही ठरलेलं आहे. एकाने १६ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा वाचावा, म्हणजे रझाकारांनी जाळलेली गावं तोंडपाठ होतात. दुसऱ्याने १८ तारखेपासूनचा वाचावा, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, भारतीय सैन्य हैदराबादेत शिरल्यावर, मुसलमानांची जी कत्तल झाली तिच्यावरचा सुंदरलाल समितीचा अहवाल हाती लागतो. दोन्ही वाचणाऱ्याला भाषणाला कुणी बोलवत नाही.

आता १८ तारीख. सकाळी दहाच्या आत तहसीलमध्ये, ओबीसी आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी दाखल्याच्या रांगेत उभे राहा आणि कालचा आवाज घरी ठेवून या. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या जीआरपासून निजामाच्या काळातला हैदराबाद गॅझेटियर हा आमच्याकडे पोथीच्या मानाचा ग्रंथ आहे. निजाम जुलमी होता, त्याचा कारकून मात्र हरिश्चंद्राचा अवतार. त्याने कुणबी लिहिलं असेल तर कुणबीच. (पलीकडच्या, ओबीसींच्या मंडपात तोच कारकून लबाड ठरतो. आपण आपल्या मंडपात बसावं.) अडचण एवढीच, की गॅझेटियरात नुसती गिनती आहे, तुमच्या पणजोबाचं नाव नाही. त्यासाठी गावच्या जुन्या कागदांचे रुमाल सोडावे लागतात, आणि त्यातली अक्षरं मोडी नाहीतर उर्दू. म्हणजे काल ज्या भाषेच्या नावाने बोटं मोडली, ती वाचणारा म्हातारा आज शोधायचा, आणि चहा आपण पाजायचा.

निजाम जमला की बाकीचे सोपे जातात. मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, नहरी खोदून शहराला पाणी आणलं. त्याचं नाव टँकरची वाट बघताना तेवढं काढावं. नामांतराची गोष्ट जरा नाजूक. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा, नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत ज्यांची घरं जळाली त्यांना सगळं आठवतं, त्यामुळे तुमचे वडील तेव्हा कुठल्या बाजूला होते हा विषय स्वतःहून काढू नका. दुसऱ्यांच्या वडिलांना विचारून बघा हवं तर. सगळे नामांतराच्या बाजूनेच होते म्हणतात. मग विरोध कोण करत होतं, कुणास ठाऊक. बहुतेक परभणीहून कुणी आलं असेल. परभणीत विचाराल तर नांदेडहून.

तर रुमाल सुटला, धूळ उडाली, म्हाताऱ्याने चष्मा पुसून बोट ठेवलं, ‘‘हे बघा तुमचे पणजोबा. कुणबी.’’ पेढे वाटा. पण म्हातारा पुढचं पान उलटेल आणि वाचायला लागेल, की हेच पणजोबा गावातून निजामाचा शेतसारा वसूल करून भरत होते, आणि कुणाकुणाचे बैल सोडून नेले त्याची यादी खाली आहे.

तेवढं पान सोडून बाकीची झेरॉक्स काढा.